गाडी झटके देते? आधी दोष शोधा, मग भाग बदला



संत्र्याच्या झाडाची पाने पिवळी पडली म्हणून कोणी माझ्याकडे आले, तर मी त्याला लगेच औषधाचे नाव सांगत नाही. बुंध्याजवळची माती उकरून पाहिली काय, मुळांची साल कुजली आहे काय, खोडातून डिंक गळतो काय, पाणी साचून राहते काय, असे चार प्रश्न आधी विचारतो. पाने पिवळी पडणे हे लक्षण आहे, रोग नव्हे. नत्र कमी पडले तरी पाने पिवळी होतात आणि डिंक्याने मुळे कुजली तरीही पिवळीच होतात. एकाला खत लागते, दुसऱ्याला खताचा काही उपयोग नाही. नागपूरच्या कृषी महाविद्यालयातून बाहेर पडल्यापासून गेली तीस वर्षे मी गावोगावी हेच सांगत आलो.

परंतु गेल्या हिवाळ्यात आमच्या घरची मोटारगाडी बिघडली, तेव्हा हा धडा मी स्वतःच विसरलो. त्यापायी पैसे गेले, वेळ गेला, आणि वेळ अशी होती की ती दवडून चालणारे नव्हते. म्हणून ही हकीकत आज आपल्यापुढे ठेवतो. आता खेड्यापाड्यांत बऱ्याच घरी गाडी आली आहे. नवी असो की जुनी घेतलेली, तिच्या इंजिनाला पेट्रोल देण्याचे काम आता विजेवर चालते. तेव्हा ही माहिती प्रत्येक कुटुंबाच्या उपयोगी पडावी.

घरी काय घडले

आमचे गाव काटोल तालुक्यात, नागपूरहून साठेक किलोमीटर. धाकटा भाऊ शेती पाहतो. संत्रा आणि कापूस ही आमची पिके. घरी चार सिलिंडरची एक जुनी पेट्रोल गाडी आहे. भावाची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नाव नागपूरच्या दवाखान्यात घातलेले, दिवस भरत आलेले. कळा सुरू झाल्या की थांबू नका, असे डॉक्टरांनी बजावून ठेवले होते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे हे सगळ्यांना ठाऊक होते, तरी घरची गाडी तयार असावी असे वाटणे स्वाभाविक आहे.

नेमकी त्याच आठवड्यात गाडी बिघडली. सुरू व्हायची, पण उभ्या जागी थरथरायची. चढावर दम धरायची नाही. पुतण्याने मला फोन केला, "मोठे बाबा, गाडी मिसिंग करून राह्यली. पिकअपच नाही घेऊन राह्यली." समोरच्या काट्यांजवळ इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवाही लागला होता.

मी रविवारी गावी गेलो आणि एक झाली की दुसरी अशा चुका करीत गेलो. पेट्रोलमध्ये भेसळ असेल म्हणून इंजेक्टर साफ करायच्या औषधाची बाटली टाकीत ओतली. फरक नाही. मग चारही प्लग नवे बसवले. तरी फरक नाही. शेवटी गाडी एका गॅरेजात नेली. तेथे यंत्र लावून पाहिले आणि सांगितले, "इंजेक्टरचा कोड येतो. चारही इंजेक्टर बदला. तेवढ्याने भागले नाही तर गाडीचा कॉम्प्युटर बदलावा लागेल." नुसत्या इंजेक्टरांचा अंदाज बावीस हजारांचा निघाला. पहिल्या वेच्याच्या कापसाचे पैसे भावाने बाळंतपणासाठी बाजूला ठेवले होते. तेच काढायचे ठरले.

पुतण्याने आयटीआयमधून वीजतंत्रीचा अभ्यासक्रम केला आहे. गावातल्या विहिरींवरच्या मोटरी तोच पाहतो. तो म्हणाला, "मोठे बाबा, मोटर जळाली म्हणून कोणी सांगितलं तरी आपण आधी डीपीवर जातो. फ्यूज पाहतो, स्टार्टर पाहतो, केबल पाहतो. मंग गाडीचं काऊन नाही पाहून राह्यलो?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. गाडी आम्ही तशीच परत आणली.

इंजेक्टर म्हणजे काय?

मारुती ८०० ही गाडी १९८३ साली आली, तेव्हा तिच्यात कार्बुरेटर होता. इंजिन हवा ओढायचे आणि त्या ओढीबरोबर पेट्रोलही जायचे. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसा कार्बुरेटर गेला आणि इंजेक्टर आला. मारुती ८०० मध्येही २००० साली ही पद्धत आली. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ हे नियम लागू आहेत, आणि नव्या मोटारसायकलींतही आता बहुधा इंजेक्टरच असतो.

ज्यांच्या बागेत स्वयंचलित ठिबक आहे त्यांना इंजेक्टर चटकन समजेल. ठिबकच्या विजेच्या व्हॉल्वमध्ये तारेचे वेटोळे असते. वीज आली की व्हॉल्व उघडतो, वीज गेली की बंद होतो. इंजेक्टर हा तसलाच, बोटाएवढा व्हॉल्व होय. त्याच्यामागे पेट्रोल साधारण ३ ते ४ बार दाबाने उभे असते, म्हणजे पाठीवरच्या फवारणी पंपात असतो जवळपास तेवढ्या दाबाने. व्हॉल्व उघडला की पेट्रोलचा बारीक फवारा उडतो. फरक वेळेचा आहे. ठिबकचा व्हॉल्व तासभर उघडा राहतो, तर इंजेक्टर एका सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरताच उघडतो. इंजिन उभ्या जागी मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक इंजेक्टर मिनिटाला ४०० वेळा उघडतो आणि मिटतो.

आता विजेची वाट पाहू. बॅटरीतून वीज फ्यूजमध्ये, तेथून मुख्य रिलेमध्ये आणि तेथून चारही इंजेक्टरांना जाते. ही झाली येण्याची वाट, आणि ती चौघांची एकच असते. जाण्याची वाट मात्र प्रत्येकाची वेगळी. प्रत्येक इंजेक्टरची दुसरी तार गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये जाते. मेकॅनिक त्याला ईसीएम म्हणतात. पेट्रोल द्यायचे असेल त्या क्षणी ईसीएम ती तार अर्थला जोडतो आणि लगेच सोडतो. घरातल्या दिव्याचे बटण येणाऱ्या तारेवर असते, येथे ते परतीच्या तारेवर आहे. एवढा एक फरक ध्यानात ठेवला की पुढची तपासणी सोपी जाते.

या सगळ्या वाटेला मिळून इंजेक्टरचे सर्किट म्हणतात. गॅरेजातल्या यंत्राने सर्किटमध्ये दोष आहे एवढेच सांगितले होते. आम्ही सर्वांनी त्याचा अर्थ इंजेक्टर खराब आहे असा लावला. मोटर चालत नाही आणि मोटर जळाली यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच या दोन वाक्यांतही आहे.

आम्ही तपासणी कशी केली

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंड असताना बोनेट उघडले. जवळ कोणी विडी-काडी ओढणार नाही हे पाहिले. पुतण्याकडे मोटरीसाठी घेतलेला मल्टिमीटर होता. स्टँडवरच्या एका ओळखीच्या मेकॅनिकलाही बोलावून घेतले. प्रत्येक पायरीला काय निघाले ते कागदावर लिहीत गेलो.

पहिली पायरी, बॅटरी आणि फ्यूज. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर साडेबारा व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो. इंजिन चालू असताना तो साडेतेरा ते साडेचौदा असावा. आमचे दोन्ही आकडे बरोबर होते. इंजेक्टरचा फ्यूज किंवा रिले गेला असता तर चौघांचीही वीज बंद होऊन गाडी सुरूच झाली नसती. आमची गाडी सुरू होत होती, म्हणजे दोष एकाच सिलिंडरकडे असणार.

दुसरी पायरी, कोड. स्टेअरिंगच्या खाली सोळा पिनांचे एक खोबण असते. तेथे स्कॅनर लावला की कॉम्प्युटरने नोंदवलेला दोष आकड्यांत दिसतो. मोबाइलवर चालणारी लहान यंत्रेही आता थोड्या पैशांत मिळतात. आमच्या गाडीत दोन कोड निघाले, पी ०३०३ आणि पी ०२०३. पहिल्याचा अर्थ तिसऱ्या सिलिंडरमध्ये नीट जळण होत नाही. दुसऱ्याचा अर्थ तिसऱ्या इंजेक्टरच्या सर्किटमध्ये दोष आहे. शेवटचा आकडा सिलिंडरचा असतो. नुसता पी ०३०३ आला असता तर प्लग, कॉइल, इंजेक्टरमधला कचरा, व्हॉल्व यांपैकी काहीही असू शकले असते. त्याच्या जोडीला पी ०२०३ आला म्हणजे दोष विजेच्या वाटेवर आहे असे समजावे. हे कोड आधी पाहिले असते तर औषधाची बाटली आणि प्लग यांचा खर्च वाचला असता. चारही इंजेक्टर बदलण्याची गोष्ट तर निघालीच नसती, कारण कोड एकट्या तिसऱ्याचा होता.

तिसरी पायरी, कानाने ऐकणे. इंजिन चालू ठेवून लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक एकेका इंजेक्टरवर टेकवले आणि मूठ कानाशी धरली. सैल कपडे, दुपट्टा, पदर आणि हात फिरत्या पट्ट्यापासून दूर ठेवावेत. चालू इंजेक्टर घड्याळासारखा टिकटिक करतो. पहिला, दुसरा आणि चौथा बोलत होते, तिसरा मुका होता.

चौथी पायरी, वेटोळे तपासणे. किल्ली बंद करून इंजेक्टरचे कपलर काढले आणि त्याच्या दोन पिनांमध्ये मीटर ओहमवर लावून पाहिला. अशा बहुतेक पेट्रोल गाड्यांत हा आकडा १२ ते १६ ओहम येतो. आपल्या गाडीचा नक्की आकडा तिच्या पुस्तकात पाहावा. पुस्तक नसेल तर चारही इंजेक्टरांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहावेत. आकडाच आला नाही तर वेटोळे तुटले आहे. फारच कमी आला तर आतल्या आत जुळले आहे. आमचे चारही आकडे सारखे, १४ च्या जवळपास आले. म्हणजे ज्यांच्यासाठी बावीस हजार जाणार होते, त्या इंजेक्टरांची वेटोळी धडधाकट होती.

पाचवी पायरी, वीज येते काय? किल्ली चालू करून तिसऱ्या कपलरच्या येणाऱ्या तारेवर मीटर लावला. बॅटरीएवढी वीज मिळाली. काही गाड्यांत किल्ली लावल्यावर ही वीज क्षणभरच दिसते आणि नंतर इंजिन फिरू लागल्यावर येते, हे ध्यानात असू द्यावे.

सहावी पायरी, आज्ञा येते काय? इंजेक्टरच्या जागी कपलरमध्ये बसवायचा एक छोटा दिवा मिळतो. त्याला नॉइड लाइट म्हणतात. तो मेकॅनिककडे होता. दुसऱ्या कपलरला लावला तेव्हा इंजिनाबरोबर भराभर लुकलुकला. तिसऱ्याला लावला तेव्हा लागलाच नाही. वीज आहे, इंजेक्टर शाबूत आहे, पण ईसीएमची आज्ञा तेथवर पोचत नाही. आता दोनच शक्यता उरल्या. एक तर वाटेत तार तुटलेली, नाहीतर ईसीएम खराब. या दोहोंत तार स्वस्त आहे, म्हणून ती आधी पाहावी.

सातवी पायरी, तारेची वाट. बॅटरीची वजा बाजू सोडवली, ईसीएमचे कपलर काढले आणि तिसऱ्या इंजेक्टरची तार दोन्ही टोकांना मीटर लावून पाहिली. चांगल्या तारेचा आकडा एक ओहमच्या आत येतो. आमचा आकडा कधी यायचा, कधी जायचा. मेकॅनिकने तारांचा जुडगा हलवला की मीटरही नाचायचा. तो म्हणाला, "तार मंधातच कुठंतरी तुटली आहे."

भावजयीने सांगितलेले

जुडगा पार मागे, इंजिनाच्या आडून गेला होता. टेप कोठून सोडावा याचा विचार चालला होता. एवढ्यात भावजय दारातून मुलाला म्हणाली, "अरे बापू, मी तर रोज सकाळी गाडीखाली सरकीची फोलपटं झाडून राह्यली. पुढच्या चाकापाशी पाहा ना."

पुढच्या चाकाच्या वरच्या अंगाला बॅटरी काढून हात घातला, तर मूठभर कापूस हाती आला. उंदराने तेथे घर केले होते! भाव वाढेल म्हणून कापूस घरातच भरून ठेवलेला, आणि गाडी त्या खोलीच्या भिंतीला लागून उभी राहायची. डिसेंबरातल्या थंडीत गाडी बाहेरून आली की इंजिन रात्री उशिरापर्यंत ऊब धरून असते. खायला सरकी, अंथरायला रुई आणि निजायला ऊब. उंदराला आणखी काय पाहिजे?

त्या घराच्या बाजूनेच जुडगा गेला होता. तिसऱ्या तारेचे आवरण कुरतडलेले होते. तांब्याचे बहुतेक धागे तुटले होते आणि उरलेले दोन-तीन हिरवे पडले होते. हे धागे कधी टेकत, कधी सुटत. म्हणून खराब रस्त्यावर गाडी जास्त झटके देत होती. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात. ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावेच लागते. तार खाण्यासाठी तो ती तोडतो असे नव्हे.

आमचे नशीब असे की उघडी तार इंजिनाच्या लोखंडाला टेकली नाही. बटण परतीच्या तारेवर असते हे वर सांगितले. तीच तार अर्थला टेकली तर इंजेक्टर उघडाच राहतो आणि सिलिंडरमध्ये पेट्रोल भरत राहते. मग इंजिनाच्या तेलाला पेट्रोलचा वास येतो, एक्झॉस्टमधून काळा धूर येतो. तसा वास आल्यास गाडी मुळीच सुरू करू नये. शिवाय गरम इंजिनाजवळ कोरडा कापूस म्हणजे आगीला आमंत्रण.

दुरुस्ती

तार पिळून वर टेप गुंडाळण्याची आपल्याकडे रीत आहे. बैलगाडीच्या दिव्याला ती चालेल, इंजिनाजवळ चालत नाही. उष्णतेने टेप सुटतो, हादऱ्याने पीळ ढिला होतो, पाण्याने तांबे हिरवे पडते आणि दोन महिन्यांत तोच दोष पुन्हा येतो.

आम्ही तार दोन्हीकडे स्वच्छ, चकाकते तांबे लागेपर्यंत कापली. मध्ये तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या तारेचा तुकडा घातला. जोडाला सोल्डरचा डाग दिला आणि त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवली. शेजारच्या आणखी एका तारेचे आवरण खरचटले होते, तिलाही नळी घातली. सगळा जुडगा खाचांच्या प्लास्टिक नळीत घालून एक्झॉस्टपासून दूर बांधला. कपलरच्या पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसल्या. त्यानंतर मीटर पुन्हा लावला, तेव्हा आकडा एक ओहमच्या आत आला आणि जुडगा हलवला तरी बदलला नाही. बॅटरी जोडून कोड पुसले आणि गाडी पंधरा किलोमीटर फिरवून आणली. कोड परत आले नाहीत. सामान आणि मेकॅनिकची मजुरी मिळून खर्च हजाराच्या आत आटोपला.

उंदराचा बंदोबस्त

तार जोडली म्हणजे काम संपले असे समजू नये. कीड तशीच ठेवून पानावर रंग लावण्यासारखे ते होईल. उंदीर तेथेच होता, कापूसही तेथेच होता. आमच्या घरी पुढील गोष्टी केल्या, त्या आपणही कराव्यात.

गाडी कापूस, धान्य, पेंड आणि कडब्याच्या गंजीपासून लांब, मोकळ्या जागी उभी करावी. कापूस आणि धान्याची पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतर सोडून रचावीत, म्हणजे मागे बीळ होत नाही आणि मांजरालाही फिरता येते. गाडीच्या जागी पिंजरा लावावा. बोनेटमध्ये विषारी आमिष कधीही ठेवू नये. उंदीर आतच मरून कुजतो, आणि आमिषाचा कण लेकरांच्या किंवा कुत्र्यामांजरांच्या तोंडी जाण्याचा धोका राहतो. हिवाळ्यात आणि सुगीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा बोनेट उघडून पाहावे. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर हे अधिकच पाळावे. आमच्या नागपूरकडच्या उन्हाळ्यात तारांची आवरणे आणि कपलरचे लॉक कडक होऊन तडकतात. म्हणून मे महिना सरल्यावर, पाऊस लागण्याआधी, एकदा तारांवर नजर टाकावी.

कशाला हात लावू नये

घरच्या माणसाने कोठे थांबावे हेही सांगितले पाहिजे.

इंजेक्टरला बॅटरीची वीज परस्पर जोडून पाहू नये, वेटोळे जळते. हेडलाइटचा मोठा बल्ब टेस्टर म्हणून ईसीएमच्या तारेला लावू नये, ईसीएम जाऊ शकतो. तारेत टाचणी खुपसू नये, त्या भोकातून पाणी शिरते. किल्ली चालू असताना कपलर काढू नये. पिवळ्या वेष्टणातल्या तारा बहुधा एअरबॅगच्या असतात, त्यांना स्पर्शही करू नये. पेट्रोलची नळी सोडवून इंजेक्टर बाहेर काढणे हे मेकॅनिकचे काम आहे, कारण आत दाब असतो. गाडीची हमी चालू असेल तर ती सरळ कंपनीच्या अधिकृत ठिकाणी न्यावी.

डिझेलचा प्रकार वेगळा आहे. जुन्या ट्रॅक्टरच्या इंजेक्टरला तारच नसते. पंप दाब देतो आणि त्या दाबाने नोझल उघडते. असे पंप मायको कंपनीने बंगळूरला सुरू केले, आणि नाशिकच्या तिच्या कारखान्यात नोझल आणि इंजेक्टर होऊ लागले. म्हणूनच नाशिकमध्ये आजही मायको सर्कल आहे. कंपनीचे नाव २००८ पासून बॉश झाले. परंतु आताच्या डिझेल गाड्यांत कॉमन रेल पद्धत आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांनाही प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले आणि त्यांच्यातही ती आली. तिच्यात डिझेलचा दाब हजार-दीड हजार बारच्या पुढे जातो. ठिबकच्या लॅटरलमध्ये तो साधारण १ बार असतो, यावरून कल्पना करावी. तेथली बारीकशी चीर हाताच्या कातडीतून डिझेल आत घुसवते. तेथे इंजेक्टरची वीजही बॅटरीच्या कितीतरी पट असते. डिझेलच्या गाडीत तारा डोळ्यांनी पाहाव्यात, उंदराचे घर काढावे, आणि तेथेच थांबावे.

गॅरेजात काय विचारावे

सगळेच मेकॅनिक फसवतात असे मुळीच नाही. आमचा दोष एका मेकॅनिकच्याच हातून सापडला. पण गिऱ्हाईक काही विचारत नाही आणि समोर दहा गाड्या उभ्या असतात, तेव्हा भाग बदलून मोकळे होण्याकडे कल जातो. म्हणून तीन प्रश्न नम्रपणे विचारावेत. कोणत्या नंबरचा कोड आला? इंजेक्टरचा ओहम किती निघाला? कपलरपर्यंत वीज आणि ईसीएमची आज्ञा दोन्ही येतात काय? या तिन्हींची उत्तरे मिळाली तर भाग खुशाल बदलावा, कारण कधी कधी इंजेक्टर खरोखरच गेलेला असतो. उत्तरे मिळाली नाहीत तर पैसे खिशातच ठेवावेत. चालती गाडी थरथरत असून इंजिनाचा दिवा लुकलुकू लागला, तर मात्र गाडी शक्य तितक्या लवकर बाजूला घ्यावी. तशीच दामटली तर एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा महागडा भाग जळतो.

दुरुस्तीनंतर पाचव्या दिवशी, पहाटे तीनच्या सुमारास पुतणीला कळा सुरू झाल्या. गाडीने एका किल्लीत दाद दिली. मागे भावजय, पुढे पुतण्या. बाहेर कडाक्याची थंडी, आणि रस्त्यावर आमच्याच बाजूची संत्र्याची वाहने कळमन्याच्या बाजारात निघालेली. काटोल नाका येईपर्यंत गाडीने एकही झटका दिला नाही. सकाळी नऊच्या आत मुलगी झाली. मायलेकी सुखरूप आहेत. कापसाचे ते पैसे ज्या कामासाठी ठेवले होते त्याच कामी आले.

बारशाला गेलो तेव्हा भावजय मला गाडीच्या जागेकडे घेऊन गेली. कापूस दुसऱ्या खोलीत हलवला होता, आणि भिंतीजवळ पिंजरा लावलेला होता. आपणही आज संध्याकाळी, इंजिन निवल्यावर, एकदा बोनेट उघडून पाहा. आत सरकीचे एखादे फोलपट सापडले तर बाकीचे काम उद्यावर टाकू नका.